न तुटणारा टाका

तेराव्याचे पाहुणे सकाळच्या एसटीने गेले, घर रिकामं झालं, आणि मग वैजीनाथला ती शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी. आधी त्याला वाटलं, शेजारी कुणी रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मधे सोडून दिली असेल. मग वाटलं, आपलेच कान वाजताहेत. रडून रडून माणसाचे कान वाजतात म्हणे. पण तो रडला नव्हता, त्यामुळे ते कारण त्याने स्वतःच खोडून काढलं. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात ज्याची उमर गेली, त्याला आवाज कुठून येतो हे शोधल्याशिवाय चैन पडणं शक्य नव्हतं. कानोसा घेत तो गाद्यांच्या घडवंचीपाशी आला, खालची पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडलं तशी शिट्टी मोठी झाली. आत दवाखान्यातल्या नर्सने बांधून दिलेली कागदाची पुडी होती. पुडीत बायकोची, दैवशालाची, कानातली फुलं, पोतीचे मणी आणि तिचं कानाचं यंत्र. नर्सने यंत्र कानावरून उतरवलं होतं, पण बंद केलं नव्हतं. ते कसं बंद करतात हे तिला काय माहीत. घरात माणसांचा कालवा होता तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि यंत्र इतके दिवस पेटीच्या अंधारात आपलाच आवाज आपण ऐकत, शिट्टी घालत पडून राहिलं होतं.

आणि ह्या माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं? अजून चालू आहे. वा. म्हणजे माल अस्सल. बायकोला जाऊन पंधरवडाही झाला नाही, आणि हा उकिडवा बसून यंत्राला शाबासकी देतोय. मग त्याचं त्यालाच ते कळलं. यंत्र चांगलं निघालं होतं. त्याच्यात बिघाड झाला नाही. बिघडलं ते दैवशालाचं. साधा ताप म्हणता म्हणता कावीळ झाली, कावीळ म्हणता म्हणता ती सरकारी दवाखान्याच्या खाटेवर गेली आणि तिथून घरी आली नाही. बोटाच्या पेराएवढं ते यंत्र त्याने तळहातावर घेतलं. मूठ मिटली की शिट्टी वाढायची, उघडली की कमी व्हायची. त्याने दोनतीनदा उगीच मूठ मिटली, उघडली. ओसरीवरून आई, धुरपताबाई, म्हणाली की बाबा आता दुकान उघड, घरात बसून गेलेलं माणूस परत येत नसतं. त्याने यंत्राच्या झाकणाचं पान नखाने उघडून बॅटरी बाहेर काढली. शिट्टी थांबली, आणि घरात जी शांतता पडली ती पाहुणे गेले तेव्हाही पडली नव्हती.

दुकान स्टेशन रोडला, किशनरावांच्या पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी चालू असली की दुकानातली पोलादी मांडणी थरथरायची आणि प्रत्येक गोष्टीवर पांढरी पूड बसायची. एवढ्या दिवसांत टेबलावर, टीव्हीच्या उघड्या पोटांवर, सोल्डरच्या गुंडाळीवर पिठाचा थर साचला होता. ग्राहकासाठी ठेवलेल्या स्टुलावरही साचला होता. त्या स्टुलाकडे वैजीनाथने पाहिलं नाही. रोडवरून घोषणा देत एक टेम्पो गेला. विद्यापीठाचं नाव बदलल्याचं संक्रांतीला जाहीर झालं होतं, कुणी अजून गुलाल उडवत होतं, कुणी अजून शटर पाडायला लावत होतं. एका नावासाठी सोळा वर्षं माणसं झगडली होती, काहींची घरं जळाली होती. किशनराव हात झटकत येऊन उभे राहिले, काय बोलावं ते न सुचून म्हणाले, लाईट दुपारी जायलीय आजकाल, आणि परत गेले. वैजीनाथने दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि छोट्या यंत्राचे स्क्रू सोडायला घेतले. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण दुकानात येऊन बसल्यावर ह्या माणसाचे हात दुसरं काही करू शकत नव्हते.

भिंगाखाली बोर्ड आला. किती वेळा पाहिला असेल त्याने, आणि दर वेळी तो तसाच खुळावायचा. हिरवी पट्टी, नखाएवढी, आणि तिच्या दोन्ही अंगांवर तिळासारखे, राळ्यासारखे भाग बसलेले. कुणालाही पाय नाही. ज्या बोर्डांवर तो शिकला त्यांना भोकं असायची; प्रत्येक भागाला तारेचे पाय, ते पाय भोकांतून पलीकडे काढायचे, मागच्या बाजूने एकेक टाका मारायचा, उरलेले पाय कापायचे. बाजारात सगळे सोल्डर म्हणत, वैजीनाथ टाका म्हणे. पोखर्णीच्या नरसिंहाच्या जत्रेत लहानपणी त्याने सोनार दागिना जोडताना पाहिला होता, शब्द तिथून उचललेला. आई म्हणे डाग. घागरीला देतात तो डाग, अंगाला लागतो तो डाग, आणि सरणावर देतात तोही डाग. त्याने दैवशालाला तोही दिला होता, आईचं त्यावर म्हणणं एवढंच की हात थरथरला न्हाई तुजा. हात कसा थरथरेल. सगळी हयात टाका मारायची गरम इस्त्री धरण्यात गेली.

पुण्याचा तो दिवस त्याला वरचेवर आठवायचा. सुट्या भागांच्या खरेदीला गेला असताना व्यापाऱ्याने त्याला ओळखीच्या एका कारखान्यात नेलं, आणि तिथे एका तरुण इंजिनिअरने, नवा वाडा दाखवावा तशा हौसेने, ती सगळी करामत दाखवली. बोर्डावर आधी जाळी ठेवायची, जाळीतून राखाडी लेप फासायचा, जाळी उचलली की जिथे हवा तिथेच लेपाचा ठिपका. मग मशीनची चोच कागदाच्या फितीतला एकेक भाग चोखून उचलणार आणि ठिपक्यावर ठेवणार, टिपटिप टिपटिप, कोंबडी दाणे टिपते त्याच्या उलट. मग बोर्ड पट्ट्यावरून भट्टीत, लेप वितळला की सगळे टाके एकदम. भोकं पाडणं नाही, पाय कापणं नाही, बोर्डाच्या दोन्ही बाजू वापरायला मोकळ्या. इंजिनिअर म्हणाला की वजन नसल्यामुळे हिसका बसला तरी टाका सुटत नाही, रस्ते आखूड असल्यामुळे खरखर कमी, आणि पहिला बोर्ड जसा तसाच हजारावा, माणसाचा हात कुठे चुकायला मधे येतच नाही. वैजीनाथ ऐकत होता आणि त्याचे डोळे भट्टीच्या काचेला लागले होते. लेप वितळला त्या क्षणी एक वाकडा बसलेला भाग कुणी हात न लावता हळूच फिरला आणि सरळ झाला. त्याने विचारलं, हे कुणी केलं? इंजिनिअर हसला. वितळलेलं शिसं आपलं आपण ओढून घेतं, म्हणाला. परभणीला परत येताना रात्रभर गाडीत वैजीनाथला तेच दिसत राहिलं. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो पुढे महिनाभर ही हकीकत सांगत होता. पाय नाहीत म्हणजे मोडायलाही काही नाही. किशनराव म्हणाले, बिनपायाचं हाय ते बरंच झालं, घर सोडून तरी जायचं न्हाई. सगळे हसले होते.

ह्या वेडापाठी कारण होतं, आणि ते कारण म्हणजे दैवशालाचं जुनं यंत्र. ती बोरीची. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात माहेरी गेली आणि तिथे विषमज्वराने आडवी झाली. ते अठ्ठ्याहत्तर साल. नामांतराचा ठराव झालेला, गावं पेटलेली, एसटी बंद. जीपगाडी मिळून तिला परभणीला आणेपर्यंत ताप डोक्यात गेला होता. जीव वाचला, कान गेले. अगदीच नाही, फार मोठं कुणी बोललं तर विहिरीच्या तळातून यावं तसं काही यायचं. मग औरंगाबादहून यंत्र आणलं. सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, तिला जाळी, डबीतून निघालेली वायर कानापर्यंत. दैवशालाने प्रत्येक चोळीला आतून एक खिसा शिवला. सासू त्याला डबडं म्हणायची. आणि ते डबडं सारखं बिघडायचं. पंधरा दिवस झाले, महिना झाला की बंद. धुरपताबाई वैतागायची, म्हणायची, जाय बाई, तुज्या नवऱ्याकडून त्याला डाग देऊन आण, मला वरडून वरडून घसा सुजायची पाळी आली. मग दैवशाला पदर डोक्यावर घेऊन, गिरणीत दळणाचा डबा ठेवून, दुकानाची पायरी चढायची.

स्टुलावर बसायची ती. वायर कानातून काढून डबी टेबलावर ठेवायची, हात मांडीवर, आणि त्याच्या बोटांकडे पाहत राहायची. एरवी घरात तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वैजीनाथ इस्त्री तापवायचा, आणि मनात स्वतःलाच शिव्या घालायचा. परभणीत ज्याच्या टाक्याला तोड नाही त्याच्या बायकोचीच वस्तू टिकू नये म्हणजे नाकच कापलं. त्याने सोल्डर बदललं, राळ बदलली, इस्त्री बदलली. वायरीचं तुटकं टोक कात्रीने उडवायचा, नवं टोक सोलायचा, पिनेला टाका घालायचा आणि भिंगातून टाका तपासत बसायचा. त्याचं सगळं लक्ष टाक्यावर. काम करता करता तो बोलायचा. यंत्र उघडं असताना तिला ऐकू येत नाही ह्या भरवशावर बोलायचा. दुकानात काय झालं, कोण काय बोलून गेलं, आईचं वागणं चुकतं हे त्याला दिसतं, मूल नाही ह्याचं त्याला दुःख आहे पण तिच्यावर राग नाही, असलं काहीबाही, जे तोंडासमोर बोलणं त्याच्या घराण्यात कुणाला जमलं नव्हतं. ती बोटांकडे पाहत असायची, मधूनच ओठांकडे. हसायची तेव्हा पदर तोंडाला लावायची, कारण वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. बोरीला लहानपणी भाजलेले चिंचोके फोडताना गेला, असं तिनेच सांगितलेलं.

आणि मग शेवटी यंत्र तपासायचं असायचं. पहिल्या वेळी तिच्या कानात वायर घालून, डबी तोंडापाशी धरून तो लाउडस्पीकरवाल्यासारखा हॅलो हॅलो म्हणाला होता. ती मोठ्यानं हसली. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ती नेहमी जरा मोठ्यानंच बोलायची. मी काय टेलिफोन हाय का, म्हणाली. आणि मग मिश्कीलपणे, लग्नातल्या बायका नवरीला म्हणतात तशी, म्हणाली, "नाव घ्या की."

आता नाव त्या घरात कुणी कुणाचं घेत नव्हतं. तिने त्याचं घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण तोही तिचं घेत नसे. आईसमोर बायकोला नावाने हाक मारायची लाज वाटायची, त्याच्या बापाने मारली नव्हती, चुलत्यांनी मारली नव्हती. ती सासूची सूनबाई होती, गल्लीची वैजीनाथची बायको, त्याची अगं. दैवशाला हे नाव बोरीच्या वेशीत राहून गेलं होतं. पण दुकानात तपासणीसाठी काहीतरी बोलावं तर लागतंच. त्याने इकडेतिकडे पाहिलं, गिरणी धडधडत होती, त्याने जाळी ओठांपाशी आणली आणि म्हणाला, दैवशाला. तिने डोळे मिटले. "आलं," म्हणाली. त्यानंतर दर वेळी तेच. तो नाव घ्यायचा, ती म्हणायची आलं, उठायची, दळणाचा डबा घेऊन घरी जायची.

छोटं यंत्र पुण्याहून आलं तो दिवस आठवला की अजूनही त्याला आधी आनंदच व्हायचा. नेमकं त्याच सकाळी जुनं बिघडलं होतं आणि ती ते घेऊन दुकानात आली होती. तो म्हणाला, राहू दे, आता ह्याची गरजच नाही, आणि डबी तशीच खणात टाकली. मग त्याने किशनरावांना हाक मारली, सायकलवाल्याला बोलावलं, रस्त्यावरून जाणारे दोघेतिघे आपसूक थांबले. सगळ्यांच्या देखत त्याने ते पेराएवढं यंत्र तिच्या कानामागे बसवलं, केस वरून सोडले, आणि जादूगारासारखा हात हलवून म्हणाला, कुठाय सांगा बरं? कुणाला दिसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती दचकली, इतक्या स्वच्छ टाळ्या तिने कित्येक वर्षांत ऐकल्या नव्हत्या. वैजीनाथ म्हणाला, ऐकू आलं का? एवढ्या लोकांत तो दुसरं काय म्हणणार? ती त्याच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ थांबली. अजून काहीतरी यायचंय असं थांबली. मग म्हणाली, आलं. आणि पदर सारखा करून उठली.

ते यंत्र त्यानंतर कधी बिघडलं नाही. इंजिनिअर बोलला होता त्यातला एक शब्द खोटा ठरला नाही. घाम गेला, धूळ गेली, एकदा न्हाणीत पडलं, एकदा पिठाच्या डब्यात सापडलं, पुसलं की चालू. एकदा ती दुकानात आली होती, पायरीवरच उभी राहिली, बॅटरी संपली म्हणाली. त्याच्यापुढे गंगाखेडच्या कुणाचा तरी टीव्ही उघडा पडलेला. त्याने बॅटऱ्यांची अख्खी पट्टी तिच्या हातात दिली, पान कसं उघडायचं, कागद कसा सोलायचा ते दाखवलं आणि म्हणाला, बघ, किती सोपं, आता एवढ्यासाठी तुला यायची गरज न्हाई. ती बरं म्हणाली. दुसऱ्या एका दुपारी तो जेवायला घरी गेला तर ती खिडकीशी बसली होती, यंत्र तळहातावर घेऊन, बोटाने इकडून तिकडे फिरवत, दळणातला खडा शोधावा तशी त्यात काहीतरी शोधत. त्याला हसू आलं. काय बघायलीस, म्हणाला, त्याच्यात तुटायला काईच न्हाई. तिने यंत्र कानावर चढवलं आणि ताट वाढलं.

तिला सगळं ऐकू यायला लागलं होतं. सासू ओसरीवर शेजारणीशी काय कुजबुजते ते ऐकू यायचं, त्याचं घोरणं ऐकू यायचं, आणि त्याला आता तिच्यापुढे काही बोलता येईना. बहिऱ्या बाईपुढे मन मोकळं करणारा माणूस ऐकत्या बाईपुढे मुका झाला. मीठ दे, दार लाव, आईचा काढा झाला का. तीही त्याच मापाने बोलायची. त्याला वाटायचं, संसार असाच असतो, वय झालं की बोलायला उरतं काय. आणि तरी दुकानात कधीकधी दुपारी गिरणी थांबली की त्याची नजर स्टुलाकडे जायची आणि मनात एक वेडा विचार यायचा, की ते यंत्र एकदा तरी बिघडावं. मग तो स्वतःलाच दटावायचा. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळीसुद्धा यंत्र तिच्या कानामागे होतं, चालू होतं. खाटेभोवती आई, मावशी, बोरीचे मेहुणे. तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलले. तो वाकला आणि म्हणाला, अगं. मग पुन्हा म्हणाला, अगं. ती बघत होती, टाळ्यांच्या दिवशी बघत होती तसंच, अजून काहीतरी यायचंय असं. मग मेहुणे मधे आले, आणि नर्स आली.

"मालक, हायती का?"

पायरीवर सरजाबाई उभी होती. गंगाखेडकडची म्हातारी, लेक आणि सून दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, आणि त्यांची दोन लहान लेकरं तिच्यापाशी राहायची. कानांनी पार गेलेली. दिवाळीआधी येऊन सांगून गेली होती, की लेकरू मागं रडायलं तरी मला कळंना, परवा धाकटं चुलीपाशी गेलं, तुमच्याकडं एखादं जुनंपानं यंत्र असंल तर बघा. त्याने तिला खणातली डबी दाखवून खुणेने सांगितलं होतं, वेळ मिळाला की नीट करून ठेवतो. आज बाजाराच्या निमित्ताने आली होती. तिला दैवशालाचं कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. स्टुलावर बसायचं सोडून ती पायरीवरच टेकली, आणि वैजीनाथला त्याचं बरं वाटलं. त्याने इस्त्री लावली, खण ओढला, डबी बाहेर काढली. पिठाने पांढरी झाली होती. फुंकर मारली. वायर नवं यंत्र आलं त्या सकाळी तुटली होती तशीच होती. सवयीने कात्री हातात घेतली आणि टोक उडवणार, तेवढ्यात भिंग डोळ्यावरच राहिलं असल्यामुळे त्याला ते टोक दिसलं.

वायर तुटते कशी हे त्याच्याएवढं परभणीत कुणाला माहीत? वाकून वाकून थकलेली वायर आतल्या आत तुटते. वरचं आवरण शाबूत असतं, आतले तारांचे केस एकेक करून, एक इथे, एक तिथे, मागेपुढे तुटतात, टोकं काळी पडलेली असतात. हे तसं नव्हतं. आवरण चेमटलेलं होतं. आतले केस सगळे एकाच जागी, एका रेषेत, दाबून तुटलेले. टाका? टाका तर पिनेवर जसाच्या तसा चमकत होता. त्याचा टाका सुटलाच नव्हता. तो डबीकडे बघत राहिला. मग उठून मांडणीवरचा डालड्याचा डबा काढला. त्यात तो काहीही फेकून न देता साठवायचा, सगळे मेकॅनिक साठवतात. कापलेले पाय, सुटलेले स्क्रू, वायरींची उडवलेली टोकं. डबा टेबलावर पालथा केला. पांढऱ्या पातळ वायरीची ती टोकं ओळखायला वेळ लागला नाही, तसली वायर दुसऱ्या कशाला लागत नाही. एकेक टोक चिमट्याने धरून तो भिंगाखाली घेऊ लागला. चेमटलेलं. चेमटलेलं. हेही. आणि प्रत्येकाच्या आवरणावर एकीकडे खोल खूण आणि तिच्याशेजारी थोडी जागा कोरी.

त्याने नवी वायर घेतली, तोंडात घातली आणि दाताखाली धरून चावली. तिची चव धातूची, कडू. तुटायला जोर लागला. एका दमात नाही तुटली. भिंगाखाली दोन्ही टोकं शेजारी शेजारी ठेवली. तशीच चेमटली होती. फरक एवढाच की त्याच्या दातांची खूण सरळ, अखंड उमटली होती, आणि दुसरीत एका कोपऱ्याएवढी जागा सुटलेली होती. चिंचोके फोडताना गेलेल्या कोपऱ्याएवढी.

घरातली बाई काम नसताना बाजारातल्या दुकानात कशी येणार? सासू काय म्हणेल, गिरणीवरच्या बायका काय म्हणतील. काहीतरी बिघडायला हवं. म्हणून ती न्हाणीत किंवा परसात, कुणी बघत नाही असं पाहून, वायर दाताखाली धरायची. स्वतःचे कान स्वतः तोडायची, आणि बहिरी होऊन त्याच्याकडे यायची, त्याच्या बोटांकडे आणि ओठांकडे बघत बसायला, आणि शेवटी आपलं नाव ऐकायला. आणि तो चांगला टाका शोधत होता. राळ बदलत होता. पुण्यापर्यंत गेला आणि तिच्यासाठी असं यंत्र घेऊन आला की ज्याला ना पाय, ना भोक, ना वायर, जे तिच्या दातांना कुठूनच धरता येऊ नये. त्या दुपारी खिडकीशी ती काय शोधत होती ते त्याला आता कळलं, आणि आपण हसून काय बोललो तेही आठवलं. वैजीनाथने भिंग काढलं. ते आतून ओलं झालं होतं. तो रडायला लागला होता, आवाज न करता, खांदे हलवत, आणि गिरणी चालू असल्यामुळे आवाज झाला असता तरी कुणाला कळलं नसतं.

सरजाबाईने ते पाहिलं. ऐकू न येणारी माणसं सगळं पाहतात. ती पदराच्या टोकाशी चाळा करत रस्त्याकडे तोंड करून बसली. मग वैजीनाथने तोंड पुसलं, इस्त्रीचं बटण बंद केलं, तुटकी डबी वायरीसकट बाजूला सरकवली. छोट्या यंत्राचे स्क्रू पुन्हा आवळले. दैवशालाच्या कानाच्या मापाचा साचा होता तो काढून आपल्या वरच्या खिशात ठेवला, आणि त्या जागी रबराचं मऊ बोंड बसवलं. नवी बॅटरी घातली. पायरीवर जाऊन, मावशी इकडं कान करा अशी खूण करून, ते तिच्या कानामागे बसवलं. म्हातारी एकदम ताठ झाली. गिरणीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, म्हणाली, गिरनी लय जवळ आली की लेकरा. त्याने बॅटरी कशी बदलायची ते दाखवलं, पट्टी तिच्या हातात दिली. तिने दोनदा करून बघितलं. जुनं द्यायचं ठरलं होतं, हे नवं दिसतं, असं ती म्हणाली, आणि तो म्हणाला जुनं दुरुस्त होण्यासारखं नाही.

"बिघडलं तर घेऊन येते मग."

"ह्ये बिघडत न्हाई, मावशी."

ती बाजाराची पिशवी उचलून पायरी उतरली. चार पावलं गेली असेल. वैजीनाथ दारापर्यंत आला, चौकटीला धरून उभा राहिला, आणि आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आत बोलून गेला.

"मावशी, बिघडलं न्हाई तरी येत जा. बसत जा जरा."

गिरणी धडधडत होती, तरी तिला शब्द न शब्द ऐकू आला. ती वळली, कपाळावर हात धरून त्याच्याकडे बघत राहिली आणि नवलाने हसली.

"काम नसता कशाला यावं लेकरा दुकानात? लोकं काय म्हंतील."

ती गिरणीच्या पलीकडे वळून दिसेनाशी झाली. वैजीनाथ आत आला. स्टुलावरचं पीठ हाताने पुसलं. मग टेबलावरची ती तुटक्या वायरीची डबी उचलून जाळी ओठांपाशी धरली, आणि नाव घेतलं.